तळाला गेलेल्या पोरांच्या संघाचा हंगाम कसा सावरायचा

समजा, कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या तालमीचा पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचा संघ फुटबॉल लीगमध्ये सात सामने खेळलाय. एक जिंकला, एक बरोबरीत सुटला, पाच हरले. गुण ४. केलेले गोल ५, खाल्लेले १९. पाच सामने शिल्लक आहेत. अशा वेळी कट्ट्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणतं पोरांना पळवा, कुणी म्हणतं पुढची लाइन बदला. दोन्ही सल्ले चुकीचेच असतील असं नाही, पण १९ गोल नेमके कसे बसले हे ठाऊक नसताना दिलेला सल्ला म्हणजे नाडी न बघता दिलेलं औषध.

तेव्हा पहिलं काम वहीचं. शंभर पानी साधी वही घ्या. झालेल्या सामन्यांतला प्रत्येक गोल, जेवढा आठवतो तेवढा, एका ओळीत लिहून काढा. पोरांना विचारा, त्यांना सगळं आठवतं. पुढच्या सामन्यापासून नोंद जागेवरच करायची. ती कोचने करू नये, त्याचं लक्ष खेळावर हवं. दुखापतीमुळे बसलेला पोरगा या कामाला उत्तम. ओळीत पाच गोष्टी हव्यात: मिनिट, गोल कशावरून झाला, चेंडू आपण कुठे गमावला, हल्ला कुठल्या बाजूने आला आणि त्या क्षणी चेंडूच्या मागे, म्हणजे आपल्या गोलच्या बाजूला, आपली किती पोरं होती. ‘चूक कोणाची’ असा रकाना मुद्दाम ठेवायचा नाही. तो ठेवला की वही आठ दिवसांत भांडणाची होते आणि पोरं खरं सांगायचं बंद करतात.

एक ओळ अशी दिसेल: ‘मि. ३१. कॉर्नर, उजवीकडून. पहिला हेड आपला. चेंडू डीच्या टोकाला पडला, त्यांचा हाफ मोकळा. मागे आपले ९.’

ही ओळ नीट वाचा. (डी म्हणजे गोलसमोरची साडेसोळा मीटरची मोठी चौकट, हाफ म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू.) नऊ जण मागे असून गोल बसला. म्हणजे माणसं कमी पडली नाहीत, पहिला चेंडू हरलाही नाही. सगळे गोलपोस्टच्या तोंडाशी गोळा झाले होते आणि बाहेर पडलेल्या चेंडूला कुणी वाली नव्हता. ‘बचाव ढिला आहे’ असं म्हणून या गोलवर उपाय सापडणार नाही, ओळीतून सापडतो.

एकोणीस ओळी झाल्या की ढीग करा. तळाच्या संघात बहुधा तीनच ढीग पडतात: थांबलेल्या चेंडूवरचे गोल (कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो), आपल्याच अर्ध्यात चेंडू गमावून खाल्लेले, आणि बॅकच्या, म्हणजे बचावपटूंच्या, डोक्यावरून पडलेल्या चेंडूवरचे. आपल्या उदाहरणात ते ८, ६ आणि ५ धरू. शिवाय शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या गोलांपुढे फुली मारा. एकोणिसात नऊ फुल्या निघाल्या तर तो वेगळा आजार आहे, त्याकडे नंतर येऊ. आता पाच सामन्यांसाठी कामाची यादी तयार आहे. मोठा ढीग आधी. नवी फॉर्मेशन, नवे डावपेच हे सगळं पुढच्या हंगामाला ठेवा. चार बॅक, चार हाफ, त्यांच्यापुढे एक आणि टोकाला एक, ही मांडणी पोरांना लवकर कळते. तीच शेवटपर्यंत ठेवायची.

कॉर्नर आधी, कारण आठवड्यात फरक दिसतो

गोलकीपर सोडून दहा जण आहेत, त्यांची वाटणी ठरवून टाका. एक जवळच्या पोस्टवर. चार जण गोलपासून साडेपाच मीटरवरच्या छोट्या चौकटीच्या रेषेवर, त्यातला पहिला जवळच्या कोपऱ्यावर आणि बाकी तिघे मध्यापासून लांबच्या पोस्टपर्यंत. हे पाचही जण आपली जागा धरतात, माणसामागे जात नाहीत. तीन जण त्यांच्या हेड मारणाऱ्या तिघांना चिकटतात. एक डीच्या टोकावरच्या कमानीत, म्हणजे वहीतल्या त्या मोकळ्या हाफच्या जागेवर. आणि एक पुढे, मध्यरेषेच्या आसपास. हा पुढचा पोरगा ठेवायला कोच घाबरतात, पण तो असला की त्यांचे दोघे तरी त्याच्यासाठी मागे थांबतात, डीतली गर्दी तेवढी कमी होते.

सराव करताना कॉर्नर पायाने मारू नका. या वयात दहांतले चार कॉर्नर बाहेर जातात, दोन पहिल्याच माणसावर आदळतात आणि बाकीची पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहतात. कोचने बाजूला दहा-बारा मीटरवर उभं राहून चेंडू हाताने टाकावा, हवा तिथे आणि हव्या उंचीवर. उजवीकडून दहा, डावीकडून दहा, बारा ते पंधरा मिनिटांत काम होतं. मग शेवटचे चार पायाने.

इथे तीन ठिकाणी हमखास बिघडतं. एक, पोरं फक्त चेंडू बघतात. चिकटणाऱ्या तिघांना अर्धं वळून, एक हात पुढच्याच्या पाठीला हलका टेकवून उभं करा, म्हणजे बघायला चेंडू आणि कळायला माणूस. हाताने ओढायचं मात्र नाही, रेफ्रीने बघितलं तर पेनल्टी. दोन, कीपर मुका असतो. त्याला दोनच शब्द द्या: स्वतः येणार असेल तर ‘माझा’, नसेल तर ‘मारा’. तिसरं सगळ्यात महाग. चेंडू मारून काढला की पोरं श्वास घेत तिथेच उभी राहतात. चेंडू डीबाहेर गेला की कीपरने ‘बाहेर!’ ओरडायचं आणि सगळ्यांनी साडेसोळा मीटरच्या रेषेपर्यंत पळत यायचं. यामुळे दुसरा फटका अडतो आणि मागे रेंगाळलेले त्यांचे दोन-तीन ऑफसाइड पडतात, म्हणजे पास मारताना आपल्या बचावाच्या रेषेपलीकडे गोलकडे उभे म्हणून बाद ठरतात. सरावात हा ‘बाहेर’ झाल्याशिवाय पुढचा चेंडू टाकू नका.

त्यांनी दोघांत छोटा कॉर्नर घेतला तर आपलेही दोन जण जातात: छोट्या चौकटीच्या जवळच्या कोपऱ्यावरचा आणि कमानीतला. हे आधी ठरलेलं नसलं की एकतर कोणीच जात नाही, नाहीतर चौघे धावतात.

थ्रो-इनवर एक बारीक गोष्ट बरीच पोरं विसरतात. थ्रोवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नाही. कॉर्नर आणि गोलकिकलाही नाही. म्हणून लांब थ्रोच्या वेळी बॅकनी रेषा वर काढून ‘ऑफसाइड’ म्हणत हात वर करणं म्हणजे गोल वाढून देणं. थ्रो टाकणाऱ्यासमोर एकाने उभं राहावं, नियमाने किमान दोन मीटर लांब, आणि बाकीच्यांनी माणूस धरावा. फ्री किकवर उलटं आहे. तिथे ऑफसाइड असतो, म्हणून किक बसेपर्यंत रेषा डीच्या कडेवर धरायची. आधीच गोलच्या तोंडात जाऊन बसलं तर कीपरला पुढे यायला जागाच उरत नाही. भिंत नऊ मीटरच्या थोडी बाहेर, गोलपासून २०-२२ मीटरच्या आतल्या सरळ किकला तीन-चार जणांची, त्यापलीकडे एकाची पुरे.

आपल्याच अर्ध्यात हरवलेला चेंडू

हा आजार टीव्हीवरून आलाय. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू डीबाहेर जायची वाट बघावी लागत नाही, लाथ बसून हलला की खेळात. मोठे क्लब कीपरपासून छोटे पास खेळत वर येतात ते बघून आपली पोरंही तेच करायला जातात. पण ते खेळतात गालिच्यासारख्या गवतावर. आपल्याकडे डिसेंबरनंतर मैदान वाळून कडक होतं, खळगे पडतात, पावलाशी आलेला चेंडू ऐनवेळी नडगीवर उडतो. गांधी मैदानावर किंवा दुधाळीत सराव करणाऱ्या पोरांना हे सांगायला नको.

म्हणून पाच सामन्यांपुरता साधा कायदा करा. आपल्या शेवटच्या तीस मीटरमध्ये एका पोराला जास्तीत जास्त दोन टच. आपल्या गोलसमोरून आडवा पास बंद. आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे पाठ असलेल्या हाफने, ‘वळ’ ऐकू आलं नाही तर वळायचं नाही, आला तसा परत द्यायचा. ‘वळ’ म्हणायची जबाबदारी पास देणाऱ्याची. यात शिकण्याची मजा कमी आहे हे मान्य. छोटे पास शिकवायचे असतील तर जून ते नोव्हेंबर मोकळा पडलाय, लीगच्या ऐन मध्यात नाही.

गोलकिक लांब मारायची, पण आंधळी नाही. बाजू आधी ठरवा, समजा उजवी. मग कीपर आणि डावा बॅक सोडून सगळे त्या बाजूच्या २५ मीटरच्या पट्ट्यात सरकतात. हवेतला चेंडू आपला उंच पोरगा हरला तरी चालेल, खाली पडणाऱ्या चेंडूभोवती आपले चौघे असले पाहिजेत. लांब किक मारून संघ मैदानभर पसरलेला असला तर तो चेंडू प्रतिस्पर्ध्याला दिलेला आहेर समजा.

डोक्यावरून जाणारा चेंडू आणि दोरी

पंचवीस मीटर सुती दोरी घ्या, दर आठ मीटरवर गाठ मारा, चार गाठी. चार बॅकनी एकेक गाठ हातात धरायची. कमरेला बांधायची नाही, एक पडला की चौघे पडतात. समोर चौघे जण चेंडू एका कडेकडून दुसऱ्या कडेला फिरवत राहतात आणि दोरी ताणू न देता, लोळू न देता बॅक डावी-उजवीकडे सरकतात. सहा मिनिटांनी दोरी टाकून द्या आणि तेच करा. पहिल्या दिवशी दोरी सुटताच अंतर बिघडेल, तिसऱ्या सरावाला बरंच टिकेल.

पुढे-मागे कधी व्हायचं याचा नियम एका वाक्याचा आहे. चेंडूवर आपला माणूस चढलेला असेल तर रेषा वर, चेंडूवाला मोकळा मान वर करून बघत असेल तर रेषा लगेच पाच-सहा पावलं मागे. मोकळ्या माणसासमोर वर उभी राहिलेली रेषा हेच या तिसऱ्या ढिगाचं मूळ. हाक एकाच स्टॉपरने, म्हणजे मधल्या बॅकने, द्यायची, ‘वर’ किंवा ‘मागं’. दोघांनी दिली की अर्धे वर आणि अर्धे मागे राहतात आणि ऑफसाइडची रेषा वाकडी होते.

कीपरने या वेळी डीच्या मध्यापर्यंत पुढे असावं, बॅकच्या मागे पडलेला चेंडू त्याचा. त्याला आणखी एक सांगून ठेवा: चेंडू हातात धरून ठेवायला आता आठ सेकंद आहेत. रेफ्री शेवटचे पाच सेकंद हाताने मोजून दाखवतो आणि वेळ ओलांडली तर २०२५ पासून समोरच्याला थेट कॉर्नर मिळतो. दम खाण्यासाठी चेंडू पोटाशी धरून पडून राहणाऱ्या कीपरला हे महागात पडेल.

शेवटची पंधरा मिनिटं

नऊ फुल्यांचं कारण पोरं ‘कच्ची’ आहेत हे नसतं. कारणं तीन-चार असतात आणि ती बहुतेक मैदानाबाहेरची.

रंकाळ्याला फेरी मारायला लावल्याने पोरगा रंकाळ्याला फेरी मारण्यात तरबेज होतो. फुटबॉलमध्ये पंधरा मीटर जोरात, थांबा, वळा, परत दहा मीटर असं पळावं लागतं. त्यासाठी ३० बाय २० मीटरच्या चौकटीत चार विरुद्ध चार, कीपरशिवाय. तीन मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असे पाच डाव. चेंडू बाहेर गेला की कोचने लगेच दुसरा आत टाकायचा, दम तिथेच लागतो. मैदानाचा पाव भाग मिळाला तरी हे जमतं, आणि संध्याकाळी क्रिकेटवाले, फिरायला आलेले लोक आणि अजून दोन संघ यांच्यात मिळतो तेवढाच.

आठवडा असा: रविवारी सामना धरला तर सोमवार सुट्टी. मंगळवारी वही आणि पहिला ढीग, ७५ मिनिटं. गुरुवारी चार विरुद्ध चार आणि मग दोरी. शनिवारी फक्त ४० मिनिटं, कॉर्नर दोन्ही बाजूंचे, आणि घरी. सामन्याच्या आदल्या दिवशी पोरांना पिळून काढणारे कोच रविवारी उत्तरार्धात त्याची किंमत मोजतात. दहावीची परीक्षा आणि क्लास यांच्याशी भांडू नका. कोण कुठल्या दिवशी येणार नाही हे महिन्याच्या सुरुवातीला वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या, म्हणजे अकरा जमवताना धावाधाव होत नाही.

बदली खेळाडू कधी उतरवायचे हे सामन्याआधी ठरवा. ३५-३५ मिनिटांचा सामना असेल तर पहिला बदल ४५व्या मिनिटाला, दुसरा ५५व्या. किती बदल चालतात ते स्पर्धेच्या नियमपत्रिकेत बघून घ्या. दोन्ही विंगना आधी बदला, सगळ्यात जास्त पळतात ते. ‘अजून टिकेल’ म्हणत ठेवलेला थकलेला बॅक ६२व्या मिनिटाला पाय टाकतो, फ्री किक जाते आणि वहीत आणखी एक फुली पडते.

खाणं-पिणं. दुपारी ४ ला सामना असेल तर १२ ते १ च्या दरम्यान जेवण: भाकरी किंवा चपाती, भाजी, वरण-भात. कटाची मिसळ, वडा, तांबडा रस्सा सामन्यानंतर. तासभर आधी एक-दोन केळी. पाणी दोन तास आधी अर्धा लिटर, मग खेळात संधी मिळेल तसं दर १५-२० मिनिटांनी पाच-सहा घोट. एप्रिलच्या उन्हात नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळा, मोठी पुडी बहुधा एक लिटरची असते. चव लागेना म्हणून अर्ध्या पाण्यात घट्ट करून दिलं की पोट बिघडतं. सामन्यानंतर गंगावेशीत दूध प्यायची रीत चांगलीच आहे, थकलेल्या स्नायूंना दूध हवंच असतं. फक्त हंगामात धारोष्णचा हट्ट नको, तापवलेलं घ्या. जुलाबाने दोन पोरं बसली तर आपल्याकडे तिसरा बदली नसतो.

सरावाआधी वीस मिनिटांचं वॉर्मअप, फिफाने तयार केलेलं ‘११ प्लस’. हळू पळणं, मग ताकद आणि तोल, मग वेगाने पळणं, असे तीन भाग. आठवड्यातून दोनदा तरी नेमाने केलं तर घोटा-गुडघ्याच्या दुखापती कमी होतात. घोटा मुरगळलाच तर तालमीतली सवय आवरा. पहिले दोन दिवस तेल लावून चोळायचं नाही, सूज वाढते. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, दोन-तीन तासांनी परत. पाय उंच. टेकवताच येत नसेल तर एक्स-रे. डोक्याला मार लागून पोरगा गांगरला, चक्कर आली, दिसायला अंधूक झालं तर त्या दिवशी तो परत मैदानात नाही, कितीही ‘बरा आहे’ म्हणाला तरी. उलटी झाली किंवा डोकं वाढत्या प्रमाणात दुखायला लागलं तर वेळ न घालवता दवाखाना.

गोल करायचे तरी कसे

सात सामन्यांत पाच गोल म्हणजे पुढेही दुष्काळ आहे, पण तिथे फार वेळ देऊ नका. बचाव बसला की सामने ०-० वर राहतात आणि एका गोलचं मोल वाढतं. आपला एकच कॉर्नर घोटवा: जवळच्या पोस्टवर जोरात आणि खाली, तिथे एक पोरगा धावत येऊन डोकं किंवा पाय नुसता लावतो, लांबच्या पोस्टवर दोघे थांबलेले. शंभरदा तोच.

प्रत्येक बापाला आपला मुलगा स्ट्रायकर हवा असतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा आणि आघाडीचा, त्यामुळे हा हट्ट समजण्यासारखा आहे. पण जागा कोच ठरवणार, हे हंगामाच्या मध्यात का होईना, एकदा सगळ्या पालकांना एकत्र बसवून सांगा. एकेकट्याला सांगितलं की एकेकाची वेगळी गोष्ट तयार होते.

रेषेवरच्या आवाजाचंही काहीतरी करावं लागतं. शाहू स्टेडियमवर मोठ्यांचे सामने बघत वाढलेली पोरं रेफ्रीकडे हात उडवायला आपोआप शिकतात आणि फुकटची पिवळी कार्डं घेतात. पेठेची ईर्ष्या खेळात असू दे. रेफ्रीशी बोलेल तो फक्त कर्णधार, आणि बाहेरून ‘मार त्याला’ ओरडणाऱ्यांना आवरायला तालमीतला एखादा वडीलधारा, ज्याचं सगळे ऐकतात, तो बाकाजवळ उभा करा.

उरलेल्या पाच सामन्यांचा हिशेब

जिंकलं तर ३ गुण, बरोबरीला १. उरलेल्या पाचांत समजा दोन सामने वरच्या संघांशी आहेत आणि तीन आपल्या आसपासच्यांशी. जीव ओतायचा तो त्या तीन सामन्यांत, कारण तिथे आपल्याला मिळालेले ३ गुण त्यांना मिळत नाहीत. वरच्या संघाशी ०-२ हरणं आणि ०-६ हरणं सारखं नाही. समान गुण झाल्यावर गोलफरक धरतात की आपसातला सामना, ते नियमपत्रिकेत आजच वाचा आणि त्याप्रमाणे ठरवा. गोलफरक धरत असतील तर ०-२ वर असताना सगळे पुढे सोडून आणखी चार खाऊ नका. हंगामात आधीच दोन पिवळी कार्डं मिळालेला, आणखी एका कार्डाने पुढच्या सामन्यात बाहेर बसू शकणारा स्टॉपर या वरच्या संघाविरुद्ध खेळवायचा का, हाही इथलाच प्रश्न. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’.

आसपासच्यांशी असलेल्या त्या तीनपैकी एखाद्या सामन्यात १-० पुढे असाल आणि पाच मिनिटं राहिली असतील, तर पोरांना मागे कोंबू नका. दहा जण डीत गेले की प्रत्येक चेंडू परत येतो. चेंडू त्यांच्या कॉर्नरच्या झेंड्याकडे मारा, दोघांनी तिथे जाऊन अडवून धरा, त्यांच्या पायाला लावून थ्रो घ्या. थ्रो घेतानाही झेंड्याच्या दिशेनेच. घड्याळ बघायचं काम बाकावरच्या वहीवाल्याचं, त्याने दर मिनिटाला बोटं दाखवायची.